टेप मागे गुंडाळून द्यावी

डब्यावर दुकानाचा कागद अजून चिकटलेला:
‘परत करताना टेप मागे गुंडाळून द्यावी.’
दुकान गेलं. तिथे आता नखं रंगवून मिळतात.
समोरचं सुपीरिअर सरोवर तेवढं जागच्या जागी,
मार्च संपत आला तरी टणक.

दुकान बंद होताना आईने ही कॅसेट विकत आणली, दोन डॉलरला,
आणि स्वयंपाकघरात, हातमोज्यांच्या खणात ठेवून दिली.
मुखपृष्ठावर पिवळं घर, कुत्रा, नवरा-बायको,
बायकोच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी.
चेहरा दिसत नाही.
मागे छापलंय : सहकुटुंब पाहावा. रुमाल जवळ ठेवा.

सिनेमा बेताचाच होता, हे आता म्हणायला हरकत नाही.
व्हायोलिन आधी रडायचं, माणसं मागाहून.
न्यायाधीशसुद्धा देवमाणूस.
कुत्रा दोनदा मरता मरता वाचायचा.
बाबा बर्फ उपसायच्या गाडीवरून यायचे,
दारातच उभ्याने शेवट बघायचे आणि म्हणायचे,
‘इतक्यात होत नसतं हे. आपल्याला सात वर्षं लागली.’
मग बूट काढायला
फार वेळ लावायचे.

मी ती सात वर्षांनंतरची.
केनोराहून आणलेली, नऊ आठवड्यांची.
नाव तेवढं आधीपासून खुंटीला टांगलेलं : हेल्वी.
शाळेत कुणी विचारलं, तू खरी कुणाची,
तर मी सिनेमाच सांगायचे.
पिवळं घर. कुत्रा.
आमच्याकडे कुत्रा कधीच नव्हता.

रात्री मला झोपवून आई तो पुन्हा लावायची, आवाज बंद करून.
जिन्यावरून मला भिंतीवरचा निळा उजेड दिसायचा
आणि ऐकू यायची मशीनची घरघर,
थांबून थांबून, पुन्हा.
मला वाटायचं, मी घरी येतेय तिथे.
पायरी, दार, दुपटं. दुसरं काय असणार?

फेब्रुवारीत आई गेली.
जमीन गोठलेली, म्हणून दफन मे महिन्यात.
तोवर ती कुठेतरी वाट बघतेय, आणि मी तिचे खण आवरतेय.
पिर्क्को मावशीच्या तळघरात एक चालू व्हीसीआर निघाला.

टेप झिजते ती
जिथे माणूस तिला पुन्हा पुन्हा थांबवतं तिथे.
घरी येण्याचा प्रसंग कोरा करकरीत निघाला. एक ओरखडा नाही.
झिजलं होतं त्याच्या कितीतरी आधी,
जिथे ती दुसरी,
श्रेयनामावलीत जिला नावसुद्धा नाही, नुसतं ‘तरुण मुलगी’,
कागदावर सही करते,
पाळण्याच्या कडेवर एक हातमोजा विसरते
आणि लांब मार्गिकेतून चालत निघून जाते.
तिथे पडद्यावर बर्फच बर्फ.
तिचं तोंड पार पुसून गेलेलं.

मी चित्र चालू ठेवूनच टेप मागे घेतली.
तीच घरघर.
ती यायला लागली,
उलट्या पावलांनी, पण भुतासारखी नव्हे,
घाई असल्यासारखी.
दार आपसूक उघडलं,
हातमोजा उडून हातात बसला,
सही शाईसकट पेनात परत गेली,
ती वाकली, आणि पाळण्यातलं मूल
वर उचललं जाऊन तिच्या छातीशी.

आई, किती वर्षं तू हे करत होतीस?
माझ्या पायाखालच्या जिन्याच्या पलीकडे बसून
रोज रात्री मला परत देत होतीस,
नियमाप्रमाणे, मागे गुंडाळून.

आणि मग टेप पुढे सोडत असणार.
सोडलीच असणार.
कारण सकाळी मी तिथेच असायचे,
समोर राईच्या पिठाची पेज, साखर जरा जास्तच,
मधोमध लोण्याचा गोळा,
वितळत.